गणपतीतल्या 'त्या' गोळ्या, श्रावणातले उपास आणि बाईचं अंग : कोकणात मुलाखती घ्यायच्यात, काय विचारू?

रानभेंडी
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. समाजशास्त्रात पीएचडी करतेय. कागदावर विषयाचं नाव भारदस्त आहे, 'कोकण किनारपट्टीवरील स्त्रिया, धर्माचरण आणि आरोग्य'. घरी विचारलं की सांगते, बायका देवासाठी काय काय करतात आणि ते त्यांच्या अंगावर कसं येतं ते बघतेय. आजी म्हणाली, "त्यात काय बघायचंय? मलाच विचार." तिला विचारून झालंय, आता तुमची पाळी.

दापोलीपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंतची काही गावं घ्यायचा विचार आहे. हिंदू, मुसलमान, किरिस्ताव, बौद्ध अशी सगळी घरं यावीत. वाचताना जाणवलं की या विषयावर लिहिणाऱ्यांचे दोन तट आहेत. एकांना उपास, विटाळ, अंगात येणं हे सगळं बाईच्या प्रकृतीच्या मुळावर उठलेलं दिसतं. दुसऱ्यांच्या लेखी देवधर्म म्हणजे मनाचं टॉनिक. माझ्या ओळखीच्या बायका यांतल्या कुठल्याच तटावर बसत नाहीत. हरतालिकेला पाण्याचा थेंबही न घेणारी माझी मावशी सांगते, वर्षातली तेवढी एक रात्र मी मैत्रिणींबरोबर जागते आणि कोणी मला 'चहा टाक' म्हणत नाही. आता हा उपास तिच्या तब्येतीला चांगला धरायचा की वाईट?

मला वाटतं, बाईच्या झोपेचं, जेवणाचं, पाळीचं वेळापत्रक ठरवतं कोण, इथून सुरुवात करावी. त्या वेळापत्रकात देव आहे, सासू आहे, भाताची लावणी आहे, समुद्र आहे आणि मुंबईहून येणारी गाडीसुद्धा आहे.

अनुभव लिहा, काय विचारावं आणि काय अजिबात विचारू नये तेही लिहा. कुणाचं नाव-गाव नको. इथलं काहीही प्रबंधात उचलणार नाही, फक्त प्रश्नावली नीट करायचीय.

माजघर
सोमवार, रात्री १०.१५

मुलाखत हा शब्दच काढू नकोस. मुलाखत म्हटलं की बायका पदर सारखा करून "आमचं सगळं छान आहे हो" म्हणतात. हळदीकुंकवाला जा, पापड लाटायला बस, काजू सोलायला बस. हात चालू असले की तोंड चालतं.

आणि सासू घरात असताना सुनेला काही विचारू नकोस. सून घरात असताना सासूलाही नको. सासवांनाही सांगण्यासारखं पुष्कळ असतं, त्यांना कोणी विचारत नाही.

औषधवाला
सोमवार, रात्री १०.५२

तालुक्याच्या गावी मेडिकलचं दुकान आहे. धाग्याच्या नावात 'त्या' गोळ्या बघून थांबलो.

आमच्याकडे प्रत्येक औषधाचा एक सीझन असतो. पावसाळ्यात तापाची, शिमग्यात पित्ताची, आणि श्रावण संपत आला की पाळी पुढे ढकलायची. औषधाचं नाव कोणी घेत नाही. "त्या गोळ्या द्या" एवढंच. पुरुष आला तर मोबाइलवर फोटो दाखवतो आणि दुकानात दुसरं गिऱ्हाईक असेल तर बाहेर जाऊन उभा राहतो. हे डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्यायचं औषध. मी चिठ्ठी मागतो, तर माणसं पुढच्या दुकानात जातात. पुढचं दुकान काय करतं ते मी इथे लिहिणार नाही.

तुमच्या वेळापत्रकाच्या मुद्द्यावर सांगतो. न्यायला नवरा येतो, दीर येतो, कधी सासू येते. जिला घ्यायच्यात ती बाई क्वचित येते. म्हणजे मी काही विचारायचं म्हटलं, आधी कधी पायात रक्ताची गाठ झाली होती का, दिवस गेलेत का, तर उत्तर द्यायला समोर कोणी नसतंच. दिराला कसं विचारणार?

पीएचसीवाला
मंगळवार, सकाळी ७.०५

औषधवाले, ते विचारायचं काम आमचं, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या (पीएचसी) डॉक्टरांचं आहे, पण आमच्यापर्यंत तरी कोण येतंय.

थोडी माहिती देऊन ठेवतो, धागा वाचणाऱ्या बायकांना उपयोगी पडेल. हे औषध म्हणजे नॉरएथिस्टेरॉन. सहसा ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून ३ वेळा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या ३ दिवस आधीपासून. गोळ्या थांबवल्या की २-३ दिवसांत पाळी येते. ऐनवेळी, पाळी उद्यावर आल्यावर सुरू केली तर भरवसा नाही. मग काही जणी मनाने दुप्पट घेतात. निरोगी बाईला थोड्या दिवसांपुरतं हे औषध बहुधा बाधत नाही. मळमळ, डोकेदुखी, स्तन हुळहुळणं, चिडचिड होते. पण ज्यांना पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती, यकृताचा आजार आहे, स्तनाचा कर्करोग झालेला आहे, कारण न कळता रक्तस्राव होतोय, किंवा दिवस राहिल्याची शक्यता आहे, त्यांनी हे घ्यायचं नाही. या औषधाचा थोडा अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, त्यामुळे गुठळीचा धोका थोडा वाढतो. आता त्यात मुंबई-गोवा महामार्ग घाला. गणपतीच्या आदल्या रात्री माणगावला, नाहीतर वडखळला गाडी अडकली की तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसायचं. तसं बसून राहिल्यानेही गुठळीचा धोका वाढतो. पोटरी एकाच बाजूला सुजली, दुखायला लागली किंवा एकदम दम लागला तर आरती राहू द्या, दवाखाना गाठा.

तर्ककर्कश
मंगळवार, सकाळी ९.३०

एवढं सगळं कशासाठी? एका मातीच्या मूर्तीला विटाळ होऊ नये म्हणून! मुरुडच्या, म्हणजे आपल्या दापोलीजवळच्या मुरुडच्या र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, एकहाती 'समाजस्वास्थ्य' चालवलं. संततिनियमनाच्या प्रचारापायी प्राध्यापकी गेली, मासिकापायी खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी दंड झालाच. आणि इतक्या वर्षांनंतर आपण चर्चा करतोय ती गणपतीसाठी पाळी ढकलायची! संशोधन कसलं करता, प्रबोधन करा.

सुरंगी
मंगळवार, दुपारी १.२०

लंच ब्रेकमध्ये लिहितेय. मी ठाण्यात नोकरी करते, सासर कुडाळकडे. या गोळ्या मी घेतल्यात. तर्ककर्कश यांना सांगते, मूर्तीला विटाळ होईल अशी भीती मला नव्हती. सासूबाई तर म्हणाल्या होत्या, "आली तर येऊ दे, बस वरच्या खोलीत." भीती मोठ्या जावेची होती. भीती म्हणजे धाक नव्हे. ती वर्षभर गावाला राहून सगळं सांभाळते. आम्ही मुंबईवाल्या पाहुण्यांसारख्या जाणार, त्यात मी बाहेरची झाले तर उकडीचे मोदक, पंचवीस-तीस माणसांचं जेवण, गौरीचं सगळं तिच्या एकटीच्या गळ्यात. आणि वरच्या खोलीत बसले की वाडीतल्या झाडून सगळ्या माणसांना माझी तारीख कळणार. भजनाला आलेला पोरगा विचारणार, "वहिनी दिसत नाहीत?"

त्यात नवीन सुनेचा पहिल्या गौरीचा ओवसा (गौरीपुढे सुपं मांडून करायचा विधी) असला तर बघायलाच नको. सुपं मांडलेली, माहेरची माणसं आलेली, आणि जिच्यासाठी हे सगळं तीच बाजूला?

मला कोणी सक्ती केली नाही हे खरं. महिनाभर आधी फोनवर "तुझी तारीख कधी गं?" असं विचारलं गेलं हेही खरं. याला तुमच्या शास्त्रात काय म्हणतात माहीत नाही.

रानभेंडी
मंगळवार, रात्री ८.१०

सुरंगीताई, मला कोऱ्या फॉर्ममधून हे कधीच मिळालं नसतं. 'गोळ्या घेतल्या का? हो/नाही. कोणी भाग पाडलं का? हो/नाही' असे दोन रकाने होते. दुसरा रकाना आजच खोडला.

तर्ककर्कश, कर्व्यांचा आदर आहेच. कर्व्यांच्याच घरात पुढे सून म्हणून आलेल्या इरावतीबाईंनी समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांच्या हाताखाली चित्पावनांवर अभ्यास केला होता, म्हणजे आपल्या कोकणाशी त्यांचीही गाठ आहे. पुढे त्या पंढरीच्या वारीत पायी चालल्या. भारावल्या, आणि त्याच वेळी वारीतही जातीजातीच्या पंगती वेगळ्या बसताहेत हे त्यांनी लिहून ठेवलं. दोन्ही एकाच लेखात. मला तसं बघायला शिकायचंय.

नुसता_बांगडा
मंगळवार, रात्री ११.०२

सगळे गोळ्यांवर बोलतायत, ताटाकडे कोणी बघत नाही म्हणून लिहितो. मी मालवणचा, मासे विकत नाही, फक्त खातो.

आपल्या बाईच्या ताटातला मासा वर्षभरात कधी कधी नाहीसा होतो बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी. म्हणजे ताजा मासा महाग, नाहीतर नाहीच. चढणीचे मासे मिळाले तर मिळाले, बाकी आषाढभर सुका बांगडा, सुकट, गोलमा. १ ऑगस्टला समुद्र उघडतो, तोवर घरात श्रावण लागलेला! नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा, पण त्या दर्यातलं खायचं नाही. मग गणपती. गौरी येईपर्यंत परत बंद. म्हणजे लावणीत कमरेत वाकून वाकून बाई अर्धी झालेली असते, नेमकी तेव्हापासून तिच्या ताटातला मासा गेला तो सरळ गौरी येईपर्यंत. गडी श्रावणात नाक्यावर जाऊन आमलेट खाऊन येतात, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतो. बायकांना नाका नाही.

आमच्या आजूबाजूला बऱ्याच घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, वडे-सागोती. मला नेहमी वाटतं, ती गौरी माहेरवाशीण म्हणून येते आणि पहिलं काय करते, तर घरातल्या बायकांचा उपास मोडते. डॉक्टरपेक्षा शहाणी.

पीएचसीवाला
बुधवार, सकाळी ७.२०

बांगडाशेठ, रक्तपांढरीचं निम्मं गणित तुम्ही मांडलंत. मासे-मटणातलं लोह अंगी लागतं तितकं भाजी-डाळीतलं लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तपांढरी निघाली. आधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता. देशाचा ५७. म्हणजे वाढतंय. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की तिला रक्तपांढरी आहे असं धरतात, आणि माझ्याकडे ९ वाली बाई "मला काही होत नाही हो, जरा दमायला होतं" म्हणत डोक्यावर भारा घेऊन जाते.

उपासाचा दोष उपाशी राहण्यात कमी आणि काय खातात त्यात जास्त, असं माझं मत झालंय. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. लोह नाही, प्रथिनं नाहीत. वर दिवसभर चहा. चहाने जेवणातलं लोह आणखी अडतं. आशाताई लोहाच्या गोळ्या देतात, बायका त्या चहाबरोबरच घेतात. उपास करायचाच तर शेंगदाणे, राजगिरा, खजूर घ्या, चहा तासभर लांब ठेवा, एवढंच मी सांगतो. 'उपास सोडा' म्हटलं की बाई पुढच्या वेळी येतच नाही. एकादशी, चतुर्थी, सोमवार, गुरुवार धरणाऱ्या बायका आहेत माझ्याकडे. त्यांना कुळथाची पिठी बाकीच्या दिवशी तरी खा म्हटलं तर चालतं.

तर्ककर्कश
बुधवार, सकाळी १०.१२

डॉक्टरच असं बोलायला लागले तर झालंच.

माजघर
बुधवार, दुपारी ३.३०

तर्ककर्कश बाळा, जेवून घे आणि मग वाच.

लांब बसण्याबद्दल सांगते. हल्ली नवीनच ऐकायला मिळतं, की पूर्वीच्या लोकांनी बाईला विश्रांती मिळावी म्हणून चार दिवस बाजूला बसवलं. मी बसलेली आहे. पडवीच्या कोपऱ्यात घोंगडी, वेगळं ताट, वेगळा तांब्या. स्वयंपाकघरात जायचं नाही, देवघराकडे बघायचं नाही, लोणच्याच्या बरणीला हात नाही. पण गोठा? शेण काढायला चालायचं. लावणीला तर चालायचंच. दिवसभर गुडघाभर चिखलात उभी. चुलीला विटाळ, चिखलाला नाही. विश्रांती होती म्हणणाऱ्यांना एवढंच विचार, त्या चार दिवसांत गोठा कोण करत होतं?

तरीही एक खरं सांगते. चुलीपासून सुटका असायची, धूर नाही. दुपारी चुलत जाऊही कधी बाजूला बसलेली असली की दोघी मिळून पत्ते खेळायचो. आता माझ्या सुनेचं चौकोनी कुटुंब आहे, ती काहीच पाळत नाही, आणि तिला महिन्यातला एक दिवसही चुलीपासून सुटका नाही. पोट धरून पोळ्या लाटते. काय बरं काय वाईट, तूच ठरव. तू शिकलेली.

आणखी एक. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणी पिशवी काढून आल्या आणि म्हणाल्या, "सुटले एकदाची, आता देवाचं करायला मोकळी." डॉक्टरने सांगितलेलं कारण वेगळं असेल, पण बाईच्या मनात हेही असतं. हे विचार, पण हळू विचार.

नवी_वाट
बुधवार, रात्री ९.१५

आम्ही बौद्ध, गाव महाडकडे. धागा वाचतोय. विटाळाची चर्चा चाललीय ती घरातल्या चार दिवसांची. आमच्या पणजीला गाव बाराही महिने लांब बसवत होतं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं तेव्हा तिथे आमच्या गावची माणसं होती असं घरात सांगतात. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडलाच बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. स्वच्छ राहा, लुगडं नीट, वरच्या जातीच्या बायका नेसतात तसं नेसा, जात ओळखू येईल असे दागिने टाका. म्हणजे बाईचं अंग हा विषय तेव्हापासून आमच्याकडे राजकारणाचाच आहे.

पण संशोधनासाठी प्रामाणिकपणे सांगतो. १९५६ नंतर घरातले देव गेले, नवस गेले, उपास गेले. आजीने पाळीचं बाजूला बसणं मात्र बरीच वर्षं ठेवलं. देवघरच नाही तर बाजूला कशापासून बसतेस, असं आईने विचारलं होतं म्हणे. आजी म्हणाली, "सवय." फक्त 'धर्म' या रकान्यात शोधलंत तर हे सापडणार नाही. आणि एकाच गावात मराठा वाडीतल्या बाईला विचारलेला प्रश्न बौद्धवाडीतल्या बाईला तसाच्या तसा विचारू नका.

खाडीपलीकडची
बुधवार, रात्री ११.४०

मी दाभोळ खाडीच्या पलीकडची, कोकणी मुसलमान. आमच्याकडचं कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते.

पाळीत रोजा नाही, नमाज नाही. सुटलेले रोजे नंतर भरून द्यायचे, नमाज भरून द्यायची नाही. म्हणजे सवलत आहेच, आणि ती धर्मानेच दिलीय. आजाऱ्याला, प्रवाशाला, गरोदर बाईला, अंगावर पाजणारीलाही सूट आहे. पण सवलत घ्यायची कशी ते बघा. घरात सासरे, दीर, मोठे मुलगे. सगळे रोजेदार. दुपारी भूक लागली तर मोरीत उभं राहून केळं खायचं, पाणी आवाज न करता प्यायचं. सहरीला उठून सगळ्यांचं करायचं आणि स्वतःही जेवल्यासारखं दाखवायचं, नाहीतर पोरगा विचारेल, "अम्मी, आज तुझा रोजा नाय?" सुरंगी, तुझी वरची खोली आणि माझी मोरी, दोन्हीकडे तारीख लपवायचीच.

माझ्या बहिणीला साखरेचा आजार आहे. डॉक्टर नको म्हणाले, मौलवीसाहेबही नको म्हणाले, तरी ती रोजा धरते. म्हणते, महिनाभर सगळं घर एका तालावर चालतं, त्यात मी एकटी ताट वाढून घेऊ? तिला भूक सोसते, एकटेपण सोसत नाही. इफ्तारला एकत्र बसल्यावर तिचा चेहरा बघा आणि मग तिची शुगर बघा. दोन्ही खरं.

डॉक्टर, अशा बायकांसाठी रमजानच्या आधी महिनाभर बोलायला हवं. रोजा लागल्यावर सांगून उपयोग नसतो.

पीएचसीवाला
गुरुवार, सकाळी ६.५५

मान्य. गोळ्यांच्या, इन्सुलिनच्या वेळा आणि डोस आधी बदलून द्यावे लागतात. चक्कर, घाम, थरथर आली तर तिथेच रोजा सोडायचा, हे घरातल्या सगळ्यांसमोर सांगावं लागतं. तिला एकटीला सांगून चालत नाही.

निवृत्त_मास्तर
गुरुवार, सकाळी ११.००

अंगात येण्याचा विषय अजून कोणी काढला नाही याचं नवल वाटलं. नोकरीत गावोगाव फिरलो. एका गावी जत्रेला एका बाईच्या अंगात देवी यायची. एरवी नवऱ्यासमोर मान वर न करणारी बाई. त्या दिवशी सगळ्या गावासमोर त्याला नावाने हाक मारून विचारायची, "दारू कधी सोडणार?" आणि तो हात जोडून उभा. पुरुषांच्या अंगात अवसर येतो, म्हणजे देव संचारतो, तरंग (देवाचे सजवलेले खांब) घेऊन फिरतात, त्याला मान-पान, बारा-पाचाची, म्हणजे गावच्या मानकऱ्यांची, परंपरा आहे. बाईच्या अंगात आलं की निम्मे लोक पाया पडतात, निम्मे 'नाटक करते' म्हणतात. हे का, याचा अभ्यास व्हावा.

रानभेंडी
गुरुवार, रात्री ९.२५

मास्तर, या प्रश्नावर बराच अभ्यास झालाय. आय. एम. लुईस नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९७१ साली सोमालियातल्या बायकांबद्दल जवळपास हेच मांडलं. तिथे 'सार' नावाची भुतं बायकांना धरायची आणि त्यांच्या तोंडून नवऱ्याकडे नवे कपडे, अत्तर, चांगलंचुंगलं खाणं मागायची. उघड मागायची सोय नाही, म्हणून भुताच्या तोंडून. मला हे पटतं, पण पुरतं पटत नाही. तुमच्या गोष्टीतली बाई हिशेब करून हे करत होती असं म्हटलं तर 'नाटक करते' म्हणणाऱ्यांच्या रांगेतच मी जाऊन बसले. तिच्या दृष्टीने ती देवीच आहे.

आपल्याकडे पुण्याच्या भार्गवी दावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या दर्ग्यांवर जाऊन बघितलं होतं, मनाने खचलेली माणसं, त्यातही बायका, तिथे का येतात. २००९ साली ते छापून आलं. तिथे तिचं ऐकून घेतात, घाई करत नाहीत, 'वेडी' म्हणत नाहीत. आमच्या रत्नागिरीजवळच्या हातिसच्या बाबरशेख बाबांच्या उरुसालाही हिंदू-मुसलमान दोन्हीकडच्या बायका मोकळेपणी येतात. मला तिथे बसून नुसतं बघायचंय.

तर्ककर्कश
गुरुवार, रात्री १०.०५

आणि तिथेच एखाद्या पोरीला भूत उतरवायला झोडपत असले तर? तेही नुसतं बघणार? २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं गुन्हा आहे. साप, कुत्रं चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसणं गुन्हा आहे. हा कायदा मिळायला डॉ. दाभोलकरांचा खून व्हावा लागला.

रानभेंडी
गुरुवार, रात्री १०.३०

नाही, तिथे नुसतं बघणार नाही. हा प्रश्न तुम्ही काढलात ते बरं झालं. मारहाण, साखळदंड, उपचार अडवणं दिसलं तर वही मिटायची आणि मदत बोलवायची, हे मी संस्थेच्या नीतिसमितीला लिहून देणार आहे. त्या बाईला आधीच सांगणार, की तुझी गोष्ट गुप्त राहील, पण तुझ्या जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही.

पीएचसीवाला
शुक्रवार, सकाळी ७.१०

या बाबतीत माझा अनुभव मधला आहे. बाळंतपणानंतर दोन-तीन आठवड्यांत एखादी मुलगी झोपेनाशी होते, बडबडते, बाळाला हात लावू देत नाही किंवा स्वतःच लावत नाही. घरचे म्हणतात, बाहेरचं लागलंय. हा आजार तातडीचा आहे, भगताकडे दिवस काढायचे नाहीत. पण रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं की माणसं उठून जातात. 'रत्नागिरीला नेलं' एवढ्या दोन शब्दांत त्या मुलीच्या बहिणीचंही लग्न मोडतं. म्हणून मी म्हणतो, कौल लावायचा तर लावा, पण आज रात्रीच्या गोळ्या आज रात्रीच द्या. फोनवर बोलायचं असेल तर १४४१६ ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात.

नुसता_बांगडा
शुक्रवार, सकाळी ८.४५

माझी आवस तशीच करी. आधी देवीक गाऱ्हाणा, "बाये, माझ्या पोराक बरा कर, तुका कोंबो देतंय," आणि मगे माका काखेत मारून डॉक्टराकडे. दोगांकय खूश ठेवी. बरो झालंय तो कोणामुळे, ह्या तिना कधी सांगूक नाय.

सुरंगी
शुक्रवार, दुपारी १.३५

आंगणेवाडीच्या जत्रेत आंगणे घराण्यातल्या बायका मौन पाळून देवीचा नैवेद्य करतात ना, ते बघायला मला फार आवडतं. इतक्या बायका, इतकी घाई, आणि एक शब्द नाही. पण बाहेरून बघणारीला ते शांत वाटतं, आत चुलीपुढे काय होतं ते त्यांनाच ठाऊक. रानभेंडी, अशा ठिकाणी कोण स्वयंपाकाला बसलंय हे विचारताना कोण बसलं नाही तेही विचार. त्या दिवशी ती कुठे होती, काय करत होती, तिला कसं वाटलं.

माजघर
शुक्रवार, दुपारी ४.००

आणि आशाताईला बरोबर घेऊन फिरू नकोस. ती गुणी असते, पण तिच्यासमोर बायका 'लोहाच्या गोळ्या रोज घेते' असंच सांगणार. सरपंचबाईंबरोबर तर मुळीच नको. एकटी ये. मार्गशीर्षातल्या गुरुवारी दुपारी ये, सवाष्णी यायच्या आधीचा तास-दोन तास बायका मोकळ्या असतात. आणि वाडीत दहा-बारा घरं असतात हे विसरू नकोस. 'क गावातील, दोन मुली असलेली, नवरा मुंबईला असलेली स्त्री' असं लिहिलंस तरी ती कोण ते सगळ्यांना कळणार. नाव बदलून काही लपत नाही.

रानभेंडी
शुक्रवार, रात्री १०.२०

काकू, हे सोन्यासारखं आहे. गावांची सरमिसळ करणार, दोघी-तिघींचे तपशील असे वाटून टाकणार की कुणावर बोट ठेवता येणार नाही. प्रश्नावलीतून 'तुम्ही किती धार्मिक आहात' हा प्रश्न काढला. त्याजागी आता आहे, 'मागच्या सणाला तुम्ही किती वाजता जेवलात, आणि तुमच्याआधी कोण कोण जेवलं.' नवी_वाट यांचं ऐकून प्रत्येक वाडीसाठी सुरुवातीचे प्रश्न वेगळे करतेय. रमजानच्या मुलाखती रमजानच्या आधी आणि नंतर, दोनदा.

खाडीपलीकडची
शुक्रवार, रात्री ११.१५

पुरुषांना विचारणार की नाही? मोरीत केळं खायला लागतं ते त्यांच्यामुळे, आणि त्यांना पत्ताही नसतो. माझ्या नवऱ्याने हा धागा वाचला आणि म्हणाला, "तू केळं खात होतीस?"

रानभेंडी
शुक्रवार, रात्री ११.२८

विचारणार. सुरुवात गोळ्या न्यायला येणाऱ्यांपासून करावी म्हणते. औषधवाले, तुमच्या दुकानाबाहेर उभी राहिले तर चालेल?

औषधवाला
शनिवार, सकाळी ८.३०

आत बसा, बाहेर उभ्या राहिलात तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाईल. फक्त गणपतीच्या आदल्या आठवड्यात येऊ नका, मला मान वर करायला वेळ नसतो. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी या, संध्याकाळी सहानंतर. आणि डॉक्टर, तुम्हाला जमलं तर त्याच आठवड्यात तासभर येऊन बसाल का? चिठ्ठीही होईल आणि मला दिराला विचारावं लागणार नाही.

पीएचसीवाला
शनिवार, सकाळी ८.५०

मी आलो तर बायका येणार नाहीत. आमच्याकडे सिस्टर आहेत, त्यांना विचारतो.